भामाबाईच्या दारची कुऱ्हाड

मी कुऱ्हाड बोलतेय. नाव ऐकून लगेच पाय मागं घेऊ नका. आमचं नाव निघालं की लोकांना तोडलेली झाडं आठवतात, नाहीतर बांधावरच्या भांडणाच्या बातम्या. त्या बातम्यांतल्या माझ्या बहिणींबद्दल मी काय बोलू? त्या ज्यांच्या हातात होत्या त्यांना विचारा. मी आजवर लाकडाशिवाय कशावर पडलेली नाही. एकदा पाहुण्यांसाठी एका कोंबड्यावर पडायची वेळ आली होती, पण तो ऐनवेळी शेजारच्या पत्र्यावर उडाला आणि पाहुण्यांना पिठल्यावर भागवावं लागलं.

माझा मुक्काम जळकोट तालुक्यातल्या एका लहानशा गावात, भामाबाईच्या घरी, दाराच्या आतल्या कोपऱ्यात. भामाबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे आणि मी तिच्या लग्नाच्याही आधीची. तिला मी अगंतुगं करते, कारण ती नवी नवरी होती तेव्हापासून मी तिला बघतेय. स्वभावानं मी जरा तिखट आहे. ज्याला धार आहे त्यानं गोडच बोलावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

माझा जन्म उदगीरच्या बाजारात, चिंचेखाली मांडलेल्या एका लोहाराच्या भात्यापुढं झाला. रेल्वेच्या जुन्या रुळाचा तुकडा त्याच्याकडं कुठून आला ते त्यानं कोणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो सांडशीनं धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. सगळं झाल्यावर त्यानं माझी लाल झालेली धार पाण्यात बुडवली. याला पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त बसलं तर धारेचे तुकडे उडतात, कमी बसलं तर ती लाकडावर पडताच वळते. माझं पाणी अगदी हवं तेवढं बसलं. त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

मला विकत घेतलं ते भीमानं. तरणाबांड, उंच, कमी बोलणारा माणूस. सगळे करतात तेच त्यानंही केलं, अंगठा माझ्या धारेवरून आडवा फिरवला आणि मान हलवली. माणसांची ही एक गंमतच आहे. ज्याला लाकूड फोडता येतं तोही अंगठा फिरवतो आणि ज्यानं जन्मात काडी मोडलेली नाही तोही फिरवतो, आणि दोघंही तेवढ्याच गंभीरपणे म्हणतात, धार हाय.

भीमाच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं होती. गावातल्या मोठ्या घरी सरपण फोडणं हे त्यातलंच एक. लग्न असो, होळी असो, मयत असो, हाक यायची. हाक मारणारा कधी आमच्या दारापर्यंत येत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तिथूनच ओरडायचा, "भीमा, कुऱ्हाड घेऊन ये." भीमा जेवत असला तर हात धुऊन उठायचा. दिवसभर फोडलेल्या लाकडाचा मोबदला म्हणजे संध्याकाळी उरलेल्या भाकरी.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मोठ्या घरचं लाकूड चांगलं असायचं. जुनी बाभूळ, आतून लालभडक, घाव बसला की खणखणीत आवाज यायचा. मी लाकडाची भुकेली, मला आणखी काय हवं होतं? फक्त भीमाच्या मुठी मला कळायच्या. स्वतःच्या चुलीचं लाकूड फोडताना त्या सैल असायच्या. मोठ्या घरी मात्र तो दांडा असा आवळायचा की त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडायची.

मोठ्या घरात तेव्हा धुरपता नावाची सून नवीन आली होती. भीमाला तहान लागली की ती तांब्या घेऊन ओट्यावर यायची आणि वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची. तांब्या त्याच्या हाताला लागू द्यायचा नाही, अशी सासूची ताकीद होती. ती फार हळू ओतायची, सांडू नये म्हणून. त्या पोरसवदा सुनेला त्याहून जास्त काही करता येत नव्हतं.

मग छप्पन साल आलं. भीमा वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला गेला, पांढऱ्या कपड्यात परत आला. घरातले देव त्यानं ओढ्यात सोडले आणि गावकीची कामंही सोडली. भामा त्याच वर्षी लग्न होऊन घरात आली होती. पुढच्या होळीला पुन्हा गल्लीतून हाक आली. भीमा जेवत होता. तो उठला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, "न्हाई येत." हाक मारणाऱ्याला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यानं पुन्हा हाक दिली. भीमानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि जेवत राहिला.

त्या नकारापायी पुढं सगळ्या वस्तीनं हाल सोसले. शेतात काम मिळेना, गिरणीत दळण घेईनात, दुकानदार मीठ देईना. शेवटी भीमा आणि भामा नांदेडला गेले, तिथं पुष्कळ वर्षं राबले आणि मग परत येऊन गावच्याच शिवारात थोडी जमीन घेतली. गाव सोडताना मला पोत्यात गुंडाळताना भीमा म्हणाला होता, "ही आता कुणाच्या हाकंवर जाणार न्हाई. आपल्या चुलीपुरती ऱ्हाईल." भामानं मान हलवली. तिनं तो शब्द इतका जपला की पुढं भीमा गेल्यावरसुद्धा त्याला धक्का लागू दिला नाही.

घरच्या चुलीसाठी भीमापेक्षा भामानंच मला जास्त वापरलं. ती लाकूड फोडताना बोलायची. कुणावरचा राग कुठल्या ओंडक्यावर काढायचा हे तिचं ठरलेलं असायचं. दुकानदाराचा राग असला तर गाठाळ लाकूड घ्यायची, नवऱ्याचा असला तर सरळ फाटणारं, कारण तो राग लवकर जायचा. तिचा मुलगा आनंदराज शिकून लातूरला मास्तर झाला, त्याच्या डब्याच्या सगळ्या भाकरी माझ्या फोडलेल्या लाकडावर भाजल्या गेल्या. हे त्याला कोणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगून ठेवते.

भीमा गेला. त्याचा फोटो भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागला. काही वर्षांनी घरात गॅस आला. धुरानं भामाबाईच्या डोळ्यांचं वाटोळं झालं होतं, त्यामुळं गॅस आला ते चांगलंच झालं, हे मलाही कळत होतं. तरी मला वाईट वाटलं. आधी दारामागं, मग माळ्यावर, मग मोडक्या खाटेखाली, अशी मी मागं मागं सरकत गेले. दांडा वाळवीनं खाल्ला. अंगावर गंजाचा थर चढला. एक कोंबडी माझ्या शेजारी अंडी घालायला यायची, तेवढीच काय ती सोबत.

तिथून मला बाहेर काढलं ते नातवानं, आदर्शनं. तो उदगीरच्या एसटी आगारात मेकॅनिक आहे आणि आजीपाशीच राहतो. जुनी हत्यारं घासूनपुसून नवी करणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघायचा त्याला नाद लागला होता. मला पाहिल्यावर त्याचे डोळे असे चमकले की माझं नशीब पालटलं हे मी ओळखलं. भामाबाईच्या सांगण्यावरून त्यानं मला चिंचेच्या पाण्यात भिजत घातलं, गंज खरवडला. इथवर सगळं छान झालं. मग त्याला घाई झाली. त्यानं कुणाचा तरी ग्राइंडर आणला आणि माझ्या धारेला लावला.

ठिणग्या उडत होत्या, त्याला मजा वाटत होती आणि माझा जीव जात होता. धार तापून निळी पडली. माझं पाणी उतरलं. पुढच्याच घावाला ती केळीच्या पानासारखी दुमडली आणि आदर्शचं तोंड एवढंसं झालं. तो मला घेऊन उदगीरच्या बाजारात लोहाराकडं गेला. लोहारानं त्याला चार शब्द सुनावले, चहा पाजला आणि मला पुन्हा भट्टीत घालून पुन्हा पाणी दिलं. म्हातारपणी दुसरा जन्म म्हणतात तो हाच असावा.

त्यानंतर आदर्शनं मशीनला हात लावला नाही. रोज संध्याकाळी पायरीवर बसून दगडानं धार लावायचा. वाळक्या बाभळीचा दांडा त्यानं काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केला, माझ्या नेढ्यात, म्हणजे दांड्याच्या भोकात, घट्ट बसवून वरून पाचर ठोकली आणि दांड्याला जवसाचं तेल पाजलं. मग त्यांच्याच बांधावरची वाळून गेलेली बाभूळ आम्ही दोघांनी पाडली. ज्या बाजूला पाडायची त्या बाजूला आधी खोल खाच, मग मागून घाव. झाड कुरकुरलं, क्षणभर थांबलं आणि मोकळ्या शेतात आडवं झालं. आदर्शच्या हाताला फोड आले, पण चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू एसटीची अख्खी गाडी त्यानं एकट्यानं बांधली होती. भामाबाईनं त्या लाकडावर कितीतरी वर्षांनी चुलीवरची भाकरी केली. गावातली माणसं मला बघायला येऊन अंगठा फिरवून गेली.

त्या संध्याकाळच्या वेळी भामाबाई नातवाला जुन्या गोष्टी सांगायची. धुरपताबाईची गोष्ट मी तेव्हाच ऐकली. मोठ्या घरची ती सून आता म्हातारी झाली होती, तिचा मुलगा आप्पासाहेब घर बघत होता. काही वर्षांपूर्वी गावातल्या म्हाताऱ्यांना डोळ्यांच्या शिबिराला उदगीरला नेलं, तेव्हा या दोघींच्या खाटा शेजारी आल्या. एकेका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं नीट दिसत नाही, म्हणजे दोघींत मिळून एक डोळा धड नव्हता. रात्री धुरपताबाई म्हणाली, भामे, पाणी दे गं. भामाबाईनं चाचपडत पेला शोधला, चाचपडत तिचं तोंड शोधलं आणि तिला पाणी पाजलं. धुरपताबाईनं तिचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. त्यानंतर दोघी देवळामागच्या कट्ट्यावर उन्हाला बसू लागल्या. काय बोलायच्या ते भामाबाईनं सांगितलं नाही. धुरपताबाई तिच्या घरी कधी आली नाही आणि भामाबाई मोठ्या घरी कधी गेली नाही. कट्टा दोघींचा होता.

यंदा भाद्रपदात पावसानं कहर केला. ओढा दोन्ही काठांवरून वाहत होता, जळकोटचा रस्ता बंद होता, आदर्श कामावर जाऊ न शकल्यामुळं घरीच होता. अशात एका सकाळी धुरपताबाई गेल्याची बातमी आली. भामाबाई गॅसपुढं उभी होती. चहा उतू गेला तरी ती तशीच उभी राहिली. आदर्शनं येऊन गॅस बंद केला.

मोठ्या घरच्या गोठ्यात बाभळीचे जुने ओंडके कोरडे पडलेले होते, पण अखंड. असल्या पावसात अखंड ओंडका पेटत नाही, फोडलेलं लाकूड लागतं. गावात पेट्रोलवर चालणारी एक करवत आहे, तिची चेन तुटली होती आणि दुसरी आणायला रस्ता नव्हता. घराघरांतून कुऱ्हाडी आणल्या गेल्या. गॅस आल्यापासून त्यांच्याकडं कोणी बघितलेलंच नव्हतं. एकीचं पातं दुसऱ्याच घावाला दांड्यातून निसटून उकिरड्यात जाऊन पडलं. तेव्हा कोणीतरी माझं नाव काढलं. आप्पासाहेब आईच्या उशाशी बसले होते. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द त्यांच्या तोंडून आपोआप गेले आणि त्यांनी गड्याला, अमरनाथला, पाठवलं.

अमरनाथ चिखल चुकवायला गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि तिथून ओरडला, "आदर्श, कुऱ्हाड घेऊन ये. मोठ्या घरी बलावलंय."

त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. भीमाला त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. आदर्शच्या मनातही काही नव्हतं, त्यानं रेनकोट अडकवला आणि मला उचललं. भामाबाईनं पुढं होऊन माझा दांडा धरला.

"ठेव ती खाली."

"आजी, म्हातारी गेली. लाकूड फोडायला माणूस न्हाई."

"मला कळंना व्हय? माझीच गेली ती. पण हाकंवर ही जाणार न्हाई."

आदर्शनं समजावून पाहिलं. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवून आपण कुणाला शिक्षा देतोय, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. भामाबाई खाली बसली, मला मांडीवर आडवी घेतली आणि रडू लागली. धुरपताचं लाकूड नीट फोडलं जावं, ती ओल्या लाकडावर धुमसत पडू नये, हे गावात सगळ्यांत जास्त भामाबाईला वाटत होतं. आणि मध्ये भीमाचा शब्द होता. उगाच का मी एवढी लखलखीत झाले, असं मला त्या वेळी वाटलं. खाटेखाली गंजत पडले असते तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

अमरनाथ परत गेला आणि नाही म्हणतात असं त्यानं सांगितलं. तिथं जमलेल्यांपैकी काहीजण नको ते बोलले. आप्पासाहेबांची बायको सिंधु आतून बाहेर आली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली की मागायची वस्तू अशी बोलावून घेतात का? हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला इतकंच दिसलं की पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला एक माणूस गल्लीतून चालत आला, दारापुढं चप्पल काढली आणि तिथंच पावसात उभा राहिला. आप्पासाहेब होते. आत या म्हणावं तर भामाबाईनं मान वर केली नाही. तेही आत आले नाहीत. पन्हळीचं पाणी त्यांच्या खांद्यावर पडत होतं.

शेवटी भामाबाई म्हणाली, "उंबऱ्याच्या आत पाय पडंना व्हय अजून?"

"तसं न्हाई, मावशी." ते म्हणाले. "मला सुतक लागलंय. सुतकात तुमच्या घरात कसा येऊ?"

त्या घरातल्या कोणी इतक्या वर्षांत आमचा उंबरा ओलांडला नव्हता, विटाळ होईल म्हणून. आणि आज त्या घरचा कर्ता माणूस आपला विटाळ आम्हाला होऊ नये म्हणून बाहेर भिजत होता. मला लाकडाशिवाय कशाचं फारसं कळत नाही, तरी एवढं मला कळलं. भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आमच्यात सुतक न्हाई पाळत," ती म्हणाली. "आत या."

ते आत आले, जमिनीवर बसले. आदर्शनं टॉवेल दिला, पेल्यात पाणी दिलं. ते त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. अमरनाथला पाठवायला नको होतं, असं ते खाली बघत म्हणाले आणि मग, मी कुऱ्हाड मागायला आलोय. माफी वगैरे काही मागितली नाही. भामाबाईनंही जुनं काही काढलं नाही. मीठ न मिळालेले दिवस ती विसरली होती असं कोणी समजू नये. तिनं एकदा भीमाच्या फोटोकडं पाहिलं आणि मला दोन्ही हातांत धरून उठली.

"कुऱ्हाड न्या. पोरगं कामाला येणार न्हाई. तुमच्या आईचं लाकूड तुम्हीच फोडा."

"मला जमंल का, मावशी?"

"भीमाला काय आईच्या पोटातून येत व्हतं?"

तिनं मला त्यांच्या हातात दिलं. आदर्शला म्हणाली, मातीला जा, कामाला जाऊ नको. मग डोक्यावर पोतं घेऊन स्वतःही निघाली आणि मोठ्या घराच्या पुढच्या दारानं आत जाऊन धुरपताबाईच्या उशाशी बसली. बायकांनी तिला जागा करून दिली.

आप्पासाहेबांनी मला गोठ्यात नेलं. साठी उलटलेला माणूस, जन्मात लाकूड फोडलेलं नाही. पहिला घाव जमिनीत गेला, दुसरा ओंडक्याची साल काढून गेला. कोणीतरी, द्या इकडं, म्हणून पुढं आला, त्यांनी दिलं नाही. आदर्श हात मागं बांधून उभा होता. त्याचे हात किती शिवशिवत होते ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी एका गाठीत रुतून बसले तेव्हा त्याला राहवलं नाही. "काका, गाठ सोडा, कडंनं घ्या," असं तो म्हणाला. आप्पासाहेबांनी कडेनं घाव घातला आणि ओंडका उभा चिरला गेला. मग लय सापडली. गोठ्यावरचा पत्रा पावसानं वाजत होता, घामानं त्यांचं तोंड भिजलेलं होतं, म्हणून ते रडतायत हे बाकीच्यांना कळलं नाही. मला दांड्यातून कळत होतं. त्यांच्या मुठी आवळलेल्या नव्हत्या. मी मनापासून चालले. खरं सांगायचं तर त्या घरच्या लाकडावर मी इतक्या मनापासून पूर्वी कधीच चालले नव्हते.

धुरपताबाईला गावच्या स्मशानातल्या पत्र्याच्या शेडखाली नेलं. मातीला आलेला प्रत्येक जण एकेक लाकूड ठेवतो, तसं आदर्शनंही ठेवलं. फोडलेली बाभूळ कोरडी होती, लगेच पेटली. संध्याकाळपर्यंत सगळं नीट झालं.

राख सावडली त्या दिवशी पाऊस उघडला होता. रस्ता सुरू झाला होता आणि आदर्श कामावर गेला होता. भामाबाई अंगणातल्या चुलीपुढं बसून काटक्या घालत होती, कारण बांधावरच्या बाभळीचे ओंडके भिंतीला लागून पडलेले होते, पण ते फोडायला मी घरी नव्हते. आप्पासाहेब मला खांद्यावर घेऊन आले. दांडा पुसलेला होता. त्यांच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. भामाबाईनं, ठेवा तिथं आणि बसा, चहा टाकते, असं सांगितलं.

ते बसले नाहीत. त्यांनी चुलीतल्या काटक्यांकडं पाहिलं, मग भिंतीला लागून पडलेल्या ओंडक्यांकडं पाहिलं. एक ओंडका ओढून उभा केला आणि मला उचललं.

"राहू द्या ते," भामाबाई म्हणाली. "हात बघा तुमचे."

"मागून नेलेलं भांडं रिकामं परत करू न्हाई, म्हणायची आई," ते म्हणाले आणि घाव घातला.

घराचं दार उघडं होतं आणि अंगणातून भीमाचा फोटो दिसत होता. एक ओंडका झाला, दुसरा झाला, ढलप्या उडून चुलीपर्यंत येऊ लागल्या. भामाबाईनं त्यातल्या दोन उचलून चुलीत सारल्या. जाळ मोठा झाला. मग ती दाराकडं तोंड करून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "म्या हाक न्हाई मारली हं. त्येच्या मनानं आलाय."

तेव्हापासून मी दाराच्या आतल्या कोपऱ्यात असते. गंज नाही, पाचर घट्ट आहे, आदर्श महिन्यातून एकदा तेल पाजतो. गावात कुणाकडं लग्न निघालं, कुणाचं माणूस गेलं, की लोक मला न्यायला येतात आणि भामाबाई देते. तुम्हालाही लागले तर खुशाल या. फक्त गल्लीतून हाक मारू नका. चिखल असला तरी दारापर्यंत या, आत येऊन बसा, भामाबाई चहा करील तो घ्या, आणि मग माझं नाव काढा.